कोणी उभं राहायचं नाही : नववीच्या प्रकल्पाच्या नोंदी

या नोंदी शंभर पानी वहीतल्या आहेत. सरांना दाखवण्यापुरत्या लिहायच्या होत्या, पण वही भरली. काही ओळी मागाहून जोडल्या आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव आहे, एवढं पुरे. शाळेचं नाव देत नाही, पोरापोरींची आद्याक्षरं बदलली आहेत.

२६ जून २०२४, बुधवार

शाहू जयंती. सकाळी प्रभातफेरी, मग मैदानावर भाषणं. इतिहासाच्या सरांनी चांगलं सांगितलं. १९१७ मध्ये महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या पोरांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम निघाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या तासाला वर्गशिक्षक फायली घेऊन आले. "स्कॉलरशिपवाली पोरं उभी राहा. एस्सी इकडं, व्हीजेएनटी तिकडं." अकरा जण उभे राहिले. माझ्या बाकावरची स. पण उभी राहिली. दहा मिनिटं उभी होती, कारण सरांना एका पोराचा आधार नंबर सापडत नव्हता. ती सगळा वेळ पंख्याकडं बघत होती. पंखा बंद होता.

मी पाचवीपासून तिच्या शेजारी बसते आणि पाच वर्षांत मला यात काही वावगं दिसलं नव्हतं. आज दिसलं, ते सकाळचं भाषण कानात ताजं होतं म्हणून. वर्गशिक्षक वाईट माणूस नाहीत. फॉर्मची मुदत संपत आली की रात्री अकरापर्यंत ऑनलाइन भरत बसतात.

राज्यशास्त्राच्या प्रकल्पाचा विषय ठरला : आपल्या शाळेतील समता. सर म्हणाले, "थर्माकोलचा तक्ता आणलात तर शून्य. काहीतरी करून दाखवा, आणि रोज काय केलं ते लिहा."

२९ जून, शनिवार

सात जण जमलो. चार मुली, तीन मुलगे. इ.चे वडील गवंडी आहेत, त्यामुळं शाळेत कुठं काय फुटलंय ते त्याला पाठ आहे. ठरलं असं की आधी शाळाभर फिरायचं आणि कोण कुठं अडतं ते लिहायचं. 'भेदभाव' हा शब्द वापरायचा नाही, कारण तो म्हटला की समोरचा लगेच "आमच्याकडं तसलं काही नाही" म्हणतो. 'कोण कुठं अडतं' असं विचारलं की लोक सांगतात.

आहार शिजवणाऱ्या मावशींनी पहिली गोष्ट सांगितली : "जेवायला न येणारी पोरं बघा. का येत नाहीत ते मला पण ठाऊक नाही." ही नोंद करून ठेवली आणि विसरून गेलो. डिसेंबरात आठवली.

४ जुलै, गुरुवार

स्कॉलरशिपचं. वर्गशिक्षकांशी बोलायला मी आणि इ. गेलो. स. आली नाही, आणि तिनं यावं असा आग्रहही आम्ही केला नाही. सर म्हणाले, "मग काय करू? एकेकाला नाव घेऊन बोलवू? ते तरी काय वेगळं?"

बरोबरच होतं. मग इ.नं डोकं चालवलं. वर्गात अठ्ठावन्न जण आहेत आणि प्रत्येकाचं काही ना काही राहिलेलंच असतं. कुणाचं बँक खातं आधारला जोडायचंय, कुणाची सहल फी, कुणाचा फोटो, कुणाच्या जन्मतारखेत चूक, कुणाचा उत्पन्नाचा दाखला. प्रत्येकाला एक घडी घातलेली चिठ्ठी द्यायची. आत ज्याचं त्याचं. अठ्ठावन्न चिठ्ठ्या आम्ही सात जण लिहून काढणार म्हटल्यावर सरांचा चेहरा उजळला. पण मग आमच्याच हाती सगळ्यांची माहिती लागली असती. ते स.नं लक्षात आणून दिलं. शेवटी चिठ्ठ्या सरांनीच लिहायच्या, आम्ही फक्त कापून, घडी घालून, वर हजेरी क्रमांक टाकून द्यायच्या असं ठरलं.

१२ जुलै, शुक्रवार

चिठ्ठ्या वाटल्या. सर म्हणाले, "फॉर्मचं ज्याचं त्यानं बघा." तरी मागच्या बाकावरचे दोघं सवयीनं उभे राहिले. त्यांना कुणी उभं केलं नव्हतं. सरांनी हातानंच बसा म्हटलं.

१८ जुलै, गुरुवार

रॅम्प मोजला. आठवीत एक मुलगा चाकाच्या खुर्चीवर येतो. बुद्धिबळात तालुक्याला खेळलाय, म्हणून सगळे त्याला वजीर म्हणतात. जन्मापासून दोन्ही पायांत ताकद नाही. शाळेला रॅम्प आहे, तपासणीच्या कागदावर 'आहे' असं लिहिलेलं आहे. पण वजीर त्यावरून एकटा कधीच चढत नाही. दोघं मागून ढकलतात, एक जण पुढून धरतो.

इ.नं घरून लेव्हलची नळी आणली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक व्हरांड्याच्या कडेला, दुसरं खाली काठीला बांधायचं. पाणी दोन्हीकडं एका पातळीत थांबतं, तिथं खूण करायची. मग टेप. उंची ४८ सेंटिमीटर भरली. रॅम्पची आडवी लांबी २१० सेंटिमीटर.

नियम एकास बाराचा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे ४८ सेंटिमीटरला ५७६ हवी, पावणेसहा मीटर. आमचा रॅम्प एकास साडेचारपेक्षाही उभा निघाला. इ. म्हणाला, "ह्यावरनं सिमेंटची पोती घसरत्यात, रॅम्प नव्हं हा, घसरगुंडी हाय." आणि पुढं पावणेसहा मीटर जागाच नाही, चार मीटरवर ध्वजस्तंभाचा कट्टा आहे. म्हणजे सरळ न नेता भिंतीच्या कडेनं वळवून न्यायला हवा, वळणावर खुर्ची फिरवण्याइतकी सपाट जागा सोडून.

वजीर बाजूला बसून हे सगळं बघत होता. म्हणाला, "मला विचारलं असतं तर नळीशिवाय सांगितलं असतं, लई उभा हाय म्हणून." त्याला आधी विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

२५ जुलै, गुरुवार

पाऊस. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. शाळा बंद. २०१९ ला आमच्या गल्लीत पाणी आलं होतं, त्यामुळं घरात सगळे नदीच्या फुटांवर लक्ष ठेवून. प्रकल्प शून्य.

६ ऑगस्ट, मंगळवार

मुख्याध्यापक बाईंकडं दोन अर्ज दिले. एक रॅम्पचा. दुसरा असा की पुढच्या वर्षी वजीर नववीत जाणार आणि नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर भरतो, तर तो खाली आणावा.

बाई म्हणाल्या, पैसे नाहीत आणि खोल्याही नाहीत. पैशांचं समजलं. खोल्यांचं आम्ही हिशेब करून नेलं होतं. पाचवीचा वर्ग खाली आहे, तो वर जाऊ शकतो, पाचवीची पोरं तशीही दिवसातून दहा वेळा विनाकारण वर पळतात. बाई हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पाचवीची बाकं बुटकी आहेत." हे आम्ही धरलं नव्हतं. बावीस बाकं खाली-वर करावी लागणार. "ती आम्ही करू," म्हणालो. बाईंनी अर्जावर 'विचाराधीन' लिहिलं. हा शब्द मी पहिल्यांदा शाईत बघितला.

अर्जात आम्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख केला होता. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. अ‍ॅसिड हल्ल्यातल्या व्यक्ती, थॅलेसेमिया, शिकण्यातल्या विशिष्ट अडचणी, सगळे त्यात येतात. शेवटचा प्रकार वाचून इ. गप्प झाला. त्याचा धाकटा भाऊ 'ब' आणि 'व' अजून उलटसुलट लिहितो आणि घरी रोज मार खातो.

३० सप्टेंबर, सोमवार

ऑगस्ट-सप्टेंबर फारसं काही नाही. चाचणी, गणपती, सहामाहीचा अभ्यास. एकच काम झालं. सफाईच्या पाळ्यांत झाडू मुलींकडं आणि बाकं सरकवणं मुलांकडं होतं, ते हजेरी क्रमांकानं लावलं. पहिल्या आठवड्यात मुलांनी असं झाडलं की धूळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तक्रार करणारे सगळ्यात जास्त पालक मुलांचे नव्हते, मुलींचे होते. "आमच्या पोरीला बाक उचलायला लावता?" असं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान होतं, आमच्या शाळेत केंद्र. मंगळवारी दुपारी टेम्पोतून लाकडी रॅम्प आला. लांब, रुंद, दोन्ही बाजूंना कठडे. दिव्यांग आणि म्हातारे मतदार वर जावेत म्हणून. काल आमच्या गल्लीतली एक आज्जी खुर्चीवरून सुळकन वर गेली, मी बघितलं. आज सकाळी शाळेत आलो तर रॅम्प गेलेला.

वजीर म्हणाला, "मला मत द्यायला अजून चार वर्षं हायेत. तवर मला रॅम्प न्हाई."

इ.नं मंगळवारीच फोटो काढून ठेवले होते, लांबी-उंची मोजून. तो फोटो, त्याखाली आमची मापं आणि वजीरचं वाक्य, असा नवा अर्ज केला. वाक्य घालू का, हे या वेळी त्याला आधी विचारलं. म्हणाला घाला, पण 'हाय' चं 'आहे' करू नका.

२ डिसेंबर, सोमवार

साखर कारखाने सुरू झाले. हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला, पण निवडणुकीमुळं ऊसतोडीच्या बऱ्याच टोळ्या मतदान करूनच निघाल्या. ओढ्यापलीकडच्या माळावर पालं पडली आहेत. बीडकडची टोळी, पंधरा-सोळा कोयते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते, त्यामुळं पोरं मागं ठेवायला घरी कुणी नसेल तर पोरंही सोबत येतात.

आज तीन पोरं शाळेत आली. सातवीची एक मुलगी, सहावीतला आणि पाचवीतला एकेक मुलगा. क्लार्क म्हणाले, दाखला कुठाय. मुलीनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला, शिक्षण हमी पत्रक. तिकडच्या शाळेनं निघताना दिलेलं : इयत्ता अमुक, इथवर शिकलेलं, जिथं जाईल तिथं बसवून घ्यावं. कागद नसता तरी वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. मी ते म्हणून दाखवणार होते. बाईंनी आधीच "बसवून घ्या" म्हटलं, म्हणून वाचले.

३ डिसेंबर, मंगळवार

आज जागतिक दिव्यांग दिन. आमच्या गटाकडं परिपाठ होता. खूप तयारी केली होती. वजीरनं दोन मिनिटं बोलावं असं ठरवलं होतं, तो म्हणाला, "बुद्धिबळावर बोलतो. पायांवर न्हाई." आम्हाला ते विषयाला धरून वाटलं नाही, मग तो बोललाच नाही.

त्याऐवजी आम्ही तीन नव्या पोरांना स्टेजवर बोलावलं. गुलाबाची फुलं दिली. माईकवर मी होते. मी म्हणाले, "हे आपले नवे मित्र, ऊसतोड कामगारांची मुलं. त्यांचं जोरदार टाळ्यांनी स्वागत करू." सहाशे पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाचवीतल्या मुलानं फूल दोन्ही हातांनी धरलं होतं, काठीसारखं.

बाई म्हणाल्या, छान कार्यक्रम झाला.

५ डिसेंबर, गुरुवार

दोन दिवस तिघांतलं एकच पोर शाळेत. संध्याकाळी मी, स. आणि आहाराच्या मावशी पालांवर गेलो. मुलगी चुलीपुढं होती, कडेवर भाऊ. आई नुकतीच उसाच्या फडातून आली होती, डोक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा भारा. आम्ही कोण ते सांगितलं. ती भारा टाकून म्हणाली, "लेकराला समद्यांपुढं कामून उभं केलं?"

एवढंच. रागानं नाही, खरंच विचारलं तिनं. तिकडं लेकराला उभं करतात ते चूक केली की.

मी काहीतरी बोलले, स्वागत वगैरे. परत येताना ओढ्यापर्यंत कुणी बोललं नाही. मग स. म्हणाली, "सरांनी निदान माईक तरी वापरला नव्हता."

तिच्याशी भांडावंसं वाटलं, पण भांडायला माझ्याकडं मुद्दा नव्हता. स्टेज, फूल, टाळ्या हे सगळं आम्हाला आमच्यासाठी हवं होतं. घरी आल्यावर वहीत पहिल्या दिवसाची नोंद परत वाचली, पंख्याची.

११ डिसेंबर, बुधवार

मुलगी परत यायला लागली, भावासकट. भाऊ चार वर्षांचा, तो तिच्या बाकाखाली बसतो. सातवीच्या बाईंनी अंगणवाडीच्या ताईंशी बोलून त्याची सोय केली. आमचा त्यात हात नाही, पण लिहून ठेवते.

आज मावशींची जूनमधली गोष्ट उलगडली. मधल्या सुटीत ही तिघं जेवायला येत नाहीत. हातपंपामागं थांबतात. आम्हाला वाटलं लाजतात. वजीरला जास्त दिसतं, कारण तो एका जागी असतो. तो म्हणाला, "ताटं न्हाईत त्यांच्याकडं."

आमच्याकडं ताट घरून आणायची पद्धत आहे. दप्तरात ताटली असते, सगळ्यांच्याच असं वाटायचं. पालावर चार माणसांत दोन ताटं, तीही फडावर जातात. आणि नीट बघितलं तर गावातली पण सहा-सात पोरं ताट नाही म्हणून जेवत नव्हती. पाच वर्षं.

मला बाबासाहेबांचं आठवलं. साताऱ्याच्या शाळेत ते बसायला घरून गोणपाट न्यायचे आणि तो तुकडाही शाळा झाडणारा हात लावत नसे म्हणून रोज घरी परत न्यायचे. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तिथं आणायला लावून वेगळं बसवत, इथं आणायला नाही म्हणून पोर आपोआप बाजूला होतं. दोन्ही सारखं आहे असं मी म्हणत नाही. पण घरून काय आणावं लागतं, हे बघायला शिकले.

१६ डिसेंबर, सोमवार

पहिला विचार : तिघांना ताटं द्यायची. लगेच रद्द. परत तेच झालं असतं. दुसरा विचार : सगळ्यांनी घरची ताटं बंद करायची, शाळेचा एकच ढीग. वरून जे येईल ते घ्यायचं, धुऊन परत ठेवायचं. पाचवी ते आठवी मिळून जेवणारी पोरं खूप, पण पंगती दोन होतात. मावशी म्हणाल्या, दीडशे ताटं तरी लागतील.

विकत घ्यायला पैसे नाहीत. घराघरांत मात्र फळीवर ताटं धूळ खात पडलेली असतात, लग्नात आलेली. रविवारी सात जण गल्ल्या वाटून फिरलो. एका दिवसात १६३ ताटं.

आणि प्रत्येक ताटावर नाव कोरलेलं! हे कसं विसरलो कोण जाणे. आडनावासकट, तारखेसकट, 'यांजकडून सप्रेम भेट'. म्हणजे ढिगात जोशी, पाटील, कांबळे, मुल्ला, सुतार सगळे एकावर एक. बाईंनी ढीग बघितला आणि म्हणाल्या, "नावं घासून घ्या, उगाच कुणी काही बोलायला नको." इ. म्हणाला, स्टील घासून नाव जात नाही, ताट जातं. तसंच ठेवलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

हे लिहू की नको असं झालं होतं. लिहिते.

आमच्या घरातलं एक ताट मी दिलं. जड, काठाला दोन रेघा, १९७८ सालचं, आज्जीच्या लग्नातलं, तिच्या नावाचं. आईला विचारून दिलं होतं. आज्जीला आज कळलं.

"ताट कुठं न्हेलंस?"

"शाळंत."

"कोण जेवतंय त्यात?"

"पोरं."

"कुणाची?"

मी उत्तर दिलं नाही. ती थोड्या वेळानं म्हणाली, "धुऊन तरी घित्यात न्हवं?" आणि ताट परत आण म्हणाली.

मी रात्री खरंच विचार केला की उद्या गुपचूप काढून आणावं, दुसरं ठेवावं, कुणाला कळणार नाही. चांगला अर्धा तास विचार केला. आज्जीशी मी रोज झोपते, तिनं बोलायचं बंद केलं तर घरात मला करमत नाही. आई भांडी घासताना म्हणाली, "तिला जे शिकवलं ते ती बोलती. तू ताट आणू नगंस." मग नाही आणलं. आईनं सांगितलं नसतं तर काय केलं असतं, ते माहीत नाही.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सावित्रीबाईंची जयंती. भाषण ठेवलं नाही. सातवीच्या वर्गाबाहेरच्या भिंतीवर कागद चिकटवून शब्द लिहायला घेतले : इथं काय म्हणतात, तुझ्याकडं काय म्हणतात. कुणाचं नाव नाही, जाता-येता ज्याला वाटेल त्यानं लिहायचं.

चार दिवसांत भिंत भरली. आमचा जोंधळा, तिकडची ज्वारी. आमची पोरं, तिकडची लेकरं. आमचं 'कशाला', तिकडचं 'कामून'. खाली कुणीतरी पेन्सिलीनं बारीक लिहिलं : आई, याडी. भाकरी, बाटी. ती गोरमाटी, बंजाऱ्यांची बोली. पेन्सिल सहावीतल्या मुलाची असणार, पण विचारलं नाही. कानडी दोन शब्द आले, ते कागलकडून आलेल्या बाईंचे. उर्दू इ.नं लिहिलं आणि उजवीकडून सुरू केलं म्हणून शेजारच्या शब्दावर चढलं.

सातवीची मुलगी भिंतीपुढं उभी होती. मी म्हणाले, "मी वाचायला आलो." ती खो खो हसली. "तू पोरगी असून 'आलो' कामून म्हणतीस?" कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात, मी आलो, मी जातो. मराठीच्या बाई पाचवीपासून आमचं हे 'सुधारतात'. तिला इतकं हसू आलं की भाऊही हसायला लागला. माझ्या बोलण्याला कुणी बाहेरचं म्हणून हसलं, असं पहिल्यांदाच झालं. दोन मिनिटं बरं वाटलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

ताटांचं भलतंच काहीतरी सुरू झालंय. पोरं ढिगातून ताट घेतात आणि वरचं नाव मोठ्यानं वाचतात. "मला आज गणपतरावांचं आलं." "मला परत त्याच मावशी." पाचवीत तर अदलाबदल चालते, जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, ताटाला भाव नाही, जुन्या जड ताटाला मारामारी.

सातवीच्या मुलीचं वाचन कच्चं आहे, वर्षातले पाच महिने फडात गेल्यावर पक्कं कुठून होणार. ती रोजचं ताट अक्षर लावून वाचते. आज मला हाक मारून विचारलं, "सप्रेम म्हंजी?" मी सांगितलं. मग म्हणाली, "यांजकडून मधला 'ज' कामून?" ते मला पण सांगता आलं नाही. मराठीच्या बाईंना विचारलं, म्हणाल्या जुनं रूप आहे.

नंतर तिनं ताट फिरवून दाखवलं. काठाला दोन रेघा. "हे तुज्या आज्जीचं हाय म्हणं?" कुणी सांगितलं कोण जाणे. "ह्यात वेलांटी उलटी हाय."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आजपासून दहावी बोर्ड. मी लेखनिक आहे. दहावीतल्या एका ताईला खूप कमी दिसतं. अशा विद्यार्थ्याला खालच्या इयत्तेतला लेखनिक मिळतो आणि तासाला वीस मिनिटं जास्त. तीन तासांच्या पेपरला एक तास. मंजुरी आधीच आली होती.

जानेवारीपासून सराव केला. पहिल्या दिवशी ती सांगत होती, मी लिहीत होते, आणि ती चुकली तिथं मी दुरुस्त करून लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ, एक सन, एका ठिकाणी अख्खं वाक्य. वाचून दाखवल्यावर तिनं ओळखलं. "हे मी सांगितलेलं नाही." मी म्हणाले, चूक होतं. ती म्हणाली, "चूक असू दे. माझी चूक आहे, माझीच लिही. नाहीतर पेपर तुझा होतो."

आज चार तासांत तिनं दोन ठिकाणी मला माहीत असलेलं चुकीचं सांगितलं. लिहिलं. हात दुखतोय.

रॅम्प : पालक-शिक्षक संघानं सिमेंट आणि खडी दिली, इ.च्या वडिलांनी मजुरी घेतली नाही. भिंतीच्या कडेनं, एक वळण घेऊन, एकूण ५८० सेंटिमीटर. परीक्षा केंद्र असल्यामुळं घाईनं उरकला. आम्ही पंधरा दिवस पाळीनं पाणी मारलं. पहिल्याच रात्री कुत्रं चालून गेलं, पावलं तशीच आहेत. कठडा अजून लागायचा आहे. वजीर सोमवारी एकटा वर गेला, वळणावर दम खाल्ला, आणि वरून म्हणाला, "वर्ग खाली कधी आणताय?" तो अर्ज अजून विचाराधीन आहे.

४ मार्च, मंगळवार

यंदा ऊस कमी, कारखाने लवकर आटोपले. टोळी शनिवारी रात्री गेली. सोमवारी तीन जागा रिकाम्या. माळावर चुलींचे दगड आणि वाढ्यांचा पाचोळा.

तिचं हमी पत्रक बाईंच्या कपाटातच राहिलं. तिघांच्या हजेरीचे दिवस भरून, इथं काय शिकवलं ते लिहून, फोटो काढून मुकादमाच्या फोनवर पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. मूळ कागद पोस्टानं पाठवायचा आहे, तिकडच्या शाळेच्या पत्त्यावर. हे काम स.कडं.

ताटं मोजली. १६१. दोन कमी, ती आधीपासूनच कमी आहेत. आज्जीचं ढिगात आहे, वरून चौथं.

जानेवारीत घरी सांगितलं होतं मी, की बीडकडची एक पोरगी तुझं नाव रोज वाचती आणि तुझी वेलांटी उलटी आहे म्हणाली. आज्जी तेव्हा काही बोलली नव्हती. नंतर तांदूळ निवडताना म्हणाली होती, "हाय उलटी. कोरणारा आंधळा होता मेला. येवढ्या वर्षांत कुणाला दिसली न्हवती." ताट परत आण, असं त्यानंतर म्हणाली नाही, आणि राहू दे असंही म्हणाली नाही.

आज विचारलं तिनं, "गेली का ती वाचणारी?"

गेली म्हणाले.